काळ्या मुसळीचा पत्ता

देवरेबाई माझ्यादेखत जेवढं खोटं बोलल्या, तेवढं माझे सगळे नातेवाईक मिळूनही बोलले नसतील. बरं, बाई एरवी इतक्या सरळ की समोरच्याला घाम फुटावा. माझ्या बायकोच्या नव्या साडीबद्दल विचारलं तर "पडद्याला बरी दिसली असती" असं तोंडावर सांगणार. वय विचारलं तर वय सांगणार, वजन विचारलं तर वजन. खोटं फक्त एका बाबतीत: कुठलं रानफूल कुठे येतं ते. तिथे बाई कधी, कोणाला, चुकूनसुद्धा खरं सांगायच्या नाहीत.

पंचवटीत आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. बाई मूळच्या नामपूरच्या, आणि सगळी नोकरी एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात, प्रयोगशाळेत पाणी तपासण्याची. निवृत्त झाल्यावर पाण्यावरून त्या फुलांवर आल्या. सलवार-कमीज, कॅनव्हासचे बूट, डोक्यावर नोकरीतली जुनी टोपी आणि दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, अशा त्या टेकड्यांवर हिंडायच्या. फुलापाशी गेलं की हात मागे, हा त्यांचा नियम. "हात पुढे असला की तो काहीतरी उद्योग करतोच," असं म्हणायच्या. मी एकदा कवळ्याच्या फुलाला नुसतं बोट लावलं तर बाईंनी माझ्या मनगटावर अशी चापट मारली की मला थेट तिसरीतला वर्ग आठवला. राग आला की त्या अहिराणीत शिरायच्या. "हाऊ माणूस येडा शे," हे माझ्याबद्दलचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आमच्या घरातसुद्धा ते रुळलं.

मला त्या बरोबर न्यायच्या याचं कारण माझी हुशारी नव्हे. कारण माझी स्कूटर. "तुझी गाडी, माझे डोळे," असा आमचा करार होता. मला मेथी आणि कोथिंबीर यांतला फरक भाजीवाली सांगते, तेव्हा फुलांचं तर बोलायलाच नको. पण बाईंबरोबर गेलं की रविवार सकाळ मजेत जायची, आणि परत येताना मिसळ असायची. मिसळ बाईंच्या खर्चाने. सांगायला काय लाजायचं?

शहरातल्या फूलवेड्या मंडळींचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट होता. बाई त्यात फोटो टाकायच्या, असे देखणे की मंडळी हळहळायची. मग प्रश्न यायचा, "बाई, लोकेशन?" बाई शांतपणे लिहायच्या, "एकलहरे, राखेच्या तळ्याच्या पलीकडचा बांध." बाईंची सगळी हयात तिकडे गेलेली, तेव्हा कोण शंका घेणार? एका रविवारी गटातले चौघं कॅमेरे घेऊन तिकडे गेले आणि दुपारी परत आले ते भुवयांपर्यंत राखाडी होऊन. एकाने गटात लिहिलं, "बाई, तिथे काहीच नाही." बाईंनी उलट टपाली लिहिलं, "अरेरे, मग तुमच्या आधी कोणीतरी नेलं वाटतं." पुढचे दोन दिवस गटात लोकांनी त्या न झालेल्या चोरीचा निषेध केला. बाई ते निषेध मला चहा पिताना वाचून दाखवायच्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या.

हे सगळं खोटं ज्याच्यासाठी होतं ते फूल म्हणजे काळी मुसळी.

पेठ रोडला एक टेकडी आहे. म्हणजे, पेठ रोडला असं मी म्हणतोय. त्या टेकडीच्या एका उतारावर करवंदीच्या जाळ्या आहेत आणि जाळ्यांच्या अर्ध्या सावलीत, दगडांच्या मधल्या मातीत, हे झाड येतं. पाणी वाहून जाईल पण ओल राहील, अशीच जागा त्याला लागते. उन्हाळ्यात तिथे जाल तर माती आणि दगड. झाड मेलेलं नसतं, मुळीच्या रूपात खाली निजलेलं असतं. वर्षानुवर्षं तीच मुळी. पाऊस सुरू झाला की आधी पानं येतात, चुणीदार, आणि मग त्या पानांच्या बुडाशी, अगदी जमिनीला टेकून, सहा पाकळ्यांची पिवळीधमक चांदणी उमलते. इतकी खाली की उभा माणूस ती तुडवूनच पुढे जाणार.

"फूल काय, आंधळ्यालासुद्धा दिसेल," बाई म्हणायच्या. "ओळख कशावरून पटते सांग? देठ शोध." मी शोधायचो. देठ नसायचाच. जो देठ वाटतो तो फुलाचाच लांब गळा, आणि फुलाचं पोट मातीच्या खाली. फळसुद्धा जमिनीतच धरतं. पानाचं टोक वाकून मातीला टेकलं तर तिथून नवं रोप निघतं. हे सांगताना बाईंचा चेहरा असा व्हायचा की जणू नातवाचे गुण सांगतायत.

आणि या गुणी नातवाचा शत्रू म्हणजे त्याचीच मुळी. वरून काळी, आतून पांढरी, बोटाएवढी. पुरुषांच्या शक्तीसाठी म्हणून तिची ख्याती. एकदा जागा कळली की लोक कुदळ घेऊन येतात आणि एका सकाळी सगळा उतार उकरून मोकळे होतात. बाईंच्या लहानपणी नामपूरकडच्या डोंगरात त्यांच्या वडिलांनी त्यांना दाखवलेली जागा अशीच गेली होती. त्या जागेबद्दल बाई एकदाच बोलल्या, आणि त्या वेळी हसल्या नाहीत.

आमच्या पहिल्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. साठीचे, केस काळे केलेले. त्यांना कुठून तरी कळलं की बाईंना मुसळी माहीत आहे. जिन्यात बाईंना गाठून अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, ती काळी मुसळी... जरा मिळेल का कुठे?" बाईंनी जिन्याच्या वरच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मुसळी? शक्तीची? कोणासाठी हवी, तुमच्यासाठी?" दुसऱ्या मजल्यावर दोन दारं उघडली. गृहस्थ म्हणाले, "नाही नाही, मेव्हण्यासाठी." बाई म्हणाल्या, "मग मेव्हण्यालाच पाठवा ना, वजन बघून द्यावी लागते!" त्यानंतर ते गृहस्थ कित्येक महिने बाईंच्या पावलांचा आवाज आला की दार लावून घ्यायचे.

मग बाईंचे गुडघे बोलायला लागले. मुलगी बंगळुरूला. ती रोज फोनवर म्हणायची, "आई, आता इकडेच ये, तिथे एकटी काय करतेस?" बाई उडवून लावायच्या. पण एक दिवस टेकडी उतरताना त्या दगडावर बसल्या आणि पुष्कळ वेळ उठल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "सुधीर, मी गेल्यावर ही कोण ओळखणार रे? पानं आली तरी गवत म्हणून तुडवतील. आणि ज्याला ओळखता येईल तो उपटून नेईल. ओळखूनही हात न लावणारा एक माणूस पाहिजे. एकच. जास्त नकोत."

झालं, बाईंनी वारस शोधायला सुरुवात केली. पहिला उमेदवार अर्थातच मी. फुलं यायच्या आधी, नुसती पानं असताना, बाईंनी मला उतारावर सोडलं आणि म्हणाल्या, "शोध." मी घाम गाळून एक चुणीदार पानांचं रोप शोधलं. खात्रीच पटली. हौसेने त्याच्याभोवती दगडांचं कुंपणसुद्धा केलं, कोणाचा पाय पडू नये म्हणून. बाई आल्या, वाकून बघितलं आणि खालीच बसल्या. मला वाटलं, गहिवरल्या. त्या हसत होत्या. "अरे, शिंदीचं रोप आहे हे! ताडीची सोय केलीस की रे म्हातारपणाची!" आणि माझ्या बुटाच्या टाचेखाली खरी मुसळी चपटी होऊन पडली होती. मी जागच्या जागी बाद.

दुसरे एक प्राध्यापक. त्यांना नावं सगळी ठाऊक, लॅटिनसकट. बाईंनी त्यांना खऱ्या जागी नेलंच नाही. वाटेत एका साध्या तेरड्यापाशी उभं केलं आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. प्राध्यापकांनी तेरड्याचं नाव सांगितलं, कूळ सांगितलं आणि बोलता बोलता फूल खुडून वहीत दाबलं. बाई म्हणाल्या, "चला, मिसळ खाऊ." तिसऱ्या एक अगदी हळव्या बाई होत्या. त्या कशालाच हात लावत नव्हत्या, पण दर दहा पावलांवर फोनवरून जगाला सांगत होत्या की आपण कुठे उभ्या आहोत. त्यांना मिसळसुद्धा मिळाली नाही.

अशात गेल्या जुलैत तो संदेश आला. आमच्या भागातल्या एका हौशी मंडळाचा, "रविवारी टेकडी हिरवी करू या! भव्य वृक्षारोपण!" खाली टेकडीचं नाव. आमचीच टेकडी.

"हिरवी?" बाई ओरडल्या. "जुलैत मग काय जांभळी असते का ती? काय समजस यास्ले!"

मंडळाचे अध्यक्ष कदमसाहेब. कोणत्याही दिवशी नगरसेवक होण्याच्या बेतात असलेला माणूस, पांढरेशुभ्र कपडे, गोल चेहरा, आवाज माईक नसतानाही माईकसारखा. खड्डे नेमके करवंदीच्या उतारावर ठरले होते, कारण तिथे माती होती आणि मागे फोटोला शहर छान दिसत होतं. मी म्हटलं, "बाई, सांगून टाका ना त्यांना, इथे दुर्मीळ झाड आहे म्हणून."

"सांगितलं तर सोमवारी कुदळी येतील. नाही सांगितलं तर रविवारी पहारी येतायत." बाई खुर्चीत बसल्या आणि टोपी हातात फिरवत राहिल्या. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. खोटं बोलायला इतकी वर्षं त्यांना कधी विचार करावा लागला नव्हता, आणि आता एकही सुचत नव्हतं.

रविवारी टेकडीवर ही गर्दी. हिरवे टी-शर्ट, रोपांचा टेम्पो, वडापावची खोकी. आणि बाई आल्या त्या पूर्ण बाह्यांत, हातमोजे घालून, तोंडाला ओढणी गुंडाळून. फक्त डोळे उघडे. उतारापासून चांगल्या लांब उभ्या राहिल्या. कदमसाहेबांचं लक्ष गेलंच.

"नमस्कार बाई! हे काय, एवढ्या उकाड्यात?"

"काही नाही हो. तुमचं चालू द्या."

"या ना पुढे, फोटोत या."

"नको, मी इथेच बरी. त्या जाळ्यांमध्ये ते... जाऊ दे. चांगल्या कामात कशाला मोडता घालू?"

"काय आहे जाळ्यांमध्ये?"

बाईंनी आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "खाजकुइली." आणि मनगट खाजवलं. एकदाच, अगदी सहज.

खाजकुइली म्हणजे काय हे नाशिककडच्या माणसाला सांगावं लागत नाही. शेंगेवरची कुसळं वाऱ्याने नुसती उडून आली तरी माणूस कपडे फाडतो. मंडळाच्या खजिनदारबाईंनी मान खाजवली. त्यांच्या शेजारच्याने कोपर. मग मागच्या रांगेत कोणीतरी "आई गं" म्हणालं आणि सगळ्या टेकडीने खाजवायला सुरुवात केली. पहारी घेऊन आलेले दोघं पेठकडचे होते. त्यांना अर्थातच रानातलं सगळं माहीत होतं. त्यातल्या एकाने बाईंकडे बघितलं, बाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याने हातातल्या पहारीकडे आणि समोरच्या दगडांकडे बघितलं आणि तो कचाकचा पाठ खाजवायला लागला. "लय बेकार हाय साहेब ही," तो म्हणाला. "नाय खनायचं आपन इथं."

कदमसाहेब भाषण सोडेनात. "वृक्ष हे आपले..." म्हणून काख खाजवायचे, "सोयरे..." म्हणून पोट. शेवटी तेही शर्टाची बटणं सोडत उताराला लागले. रोपं खाली रस्त्याच्या कडेला लावली गेली. तिथे ती आजही मजेत आहेत.

स्कूटरवर मागे बसलेल्या बाई इतक्या हसत होत्या की गाडी हलत होती. "अरे, जुलैत कुठली शेंग? वेल आत्ता कुठे वर चढतोय! शेंगा धरणार थंडीत, कुसळं झडणार त्याच्याही पुढे. एवढी माणसं जमली, एकालाही हे माहीत नसावं?" मी एका हाताने गाडी चालवत होतो. माझी मांडी खाजत होती.

पण ते वर्ष बाईंना जड गेलं. गुडघे पार बसले. मुलगी स्वतः येऊन सामान बांधायला लागली, आणि या जुलैत बाईंचं जायचं ठरलं. वारस काही मिळाला नव्हता. जायच्या आदल्या दिवशी सकाळी बाई दारात उभ्या. "काढ गाडी." पाऊस भुरभुरत होता. मुलगी ओरडत होती. आम्ही गेलो.

चढायला बाईंना फार वेळ लागला. दर थोड्या वेळाने थांबायच्या आणि दम लागलाय हे मला कळू नये म्हणून मला शिव्या द्यायच्या. करवंदीच्या उताराच्या जरा अलीकडे, एका दगडाखाली, पावसापासून आडोशाला बुटांचा जोड ठेवलेला दिसला. मोठे, चकचकीत बूट. बाईंनी माझा दंड घट्ट धरला. जाळीपाशी कोणीतरी पाठमोरं, ओणवं बसलं होतं. बाई कुजबुजल्या, "गेलं. सगळं गेलं रे." आवाज इतका बारीक की मला कसंसंच झालं.

त्या माणसाने वळून बघितलं. कदमसाहेब. अनवाणी, साधा टी-शर्ट, गुडघ्यांना चिखल. हातात ना कुदळ, ना पिशवी.

मग ते उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, जुलैत खाजकुइलीला शेंगा नसतात."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"गेल्या वर्षी घरी जाऊन तीन वेळा आंघोळ केली. बायको म्हणाली, अहो, अंगावर एक पुरळ नाही, खाजवताय काय? मग चौकशी केली. म्हटलं, ही बाई एवढं नाटक करते ती लपवते काय? दुसऱ्या रविवारी एकटाच आलो, आणि हे पिवळं फूल दिसलं."

"आणि कोणाकोणाला सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"काय सांगणार? की अध्यक्ष काही नसताना खाजवत पळाला?" ते हसले. "आणि खरं सांगू का, नंतर सांगावंसंच वाटेना. उन्हाळ्यात आलो तर काहीच नव्हतं. मी घाबरलो. वाटलं, माझ्यामुळेच गेलं. आता परत आलंय. काय आहे हे बाई?"

बाईंनी माझा दंड सोडला. दगडाला धरून, कण्हत, त्या खाली मातीत बसल्या. "बसा. नाव मागाहून सांगते. आधी याचा देठ शोधून दाखवा."

कदमसाहेब पोट सावरत आडवेच झाले. गाल मातीला टेकवून बघत राहिले. बोट नेलं, पण फुलापासून वीतभर लांब थांबवलं. "देठ... दिसत नाही बाई. खालीच चाललंय हे. फूल मातीतूनच आलंय की काय?"

बाई बोलायला लागल्या. पोट कुठे, फळ कुठे, पानाचं टोक टेकतं कुठे, मुळी कशी, कुदळी का येतात, नामपूरच्या डोंगरात काय झालं. सगळं. एक अक्षर खोटं नव्हतं, आणि मी शेजारी उभा राहून ऐकत होतो. खरं सांगायचं तर माझा जळफळाट झाला, आणि त्याच वेळी इतकं हायसं वाटलं की विचारू नका.

शेवटी कदमसाहेबांनी विचारलं, "आणखी कुठे आहे ही?"

बाईंनी तोंड उघडलं. मी म्हटलं, आता आली थाप. बाई थांबल्या. पावसाचं पाणी त्यांच्या टोपीवरून ओघळत होतं. "नाही," त्या म्हणाल्या. "मला माहीत असलेली एवढीच. आता तुमच्याकडे."

उतरताना बाईंनी माझा हात धरला नाही, कदमसाहेबांचा धरला; त्यांच्या दुसऱ्या हातात बूट होते. आणि मला म्हणाल्या, "तू मागे राहा, तुझ्या टाचांचा भरवसा नाही." टेकडीच्या पायथ्याशी चार-पाच पोरं गाड्या लावत होती. एकाने विचारलं, "काका, वर आहे का काही बघण्यासारखं? रील वगैरे?"

बाईंच्या आधी कदमसाहेब बोलले. चेहरा असा गंभीर की मीसुद्धा दचकलो. "वर जाऊ नका बाळांनो. आग्या मोहोळ उठलंय. आत्ताच दोघांना दवाखान्यात पाठवलं. या आजींनाही कसंबसं खाली आणलं." पोरांनी चिखलाने माखलेल्या त्या अनवाणी माणसाकडे बघितलं, लंगडणाऱ्या बाईंकडे बघितलं आणि गाड्या वळवल्या.

बाई स्कूटरवर बसल्या. रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "मग बाई? उमेदवार पास?"

"छे! नापास. एकदम नापास," बाई म्हणाल्या. मी आरशात बघितलं. त्या मागे वळून, हात उंच करून कदमसाहेबांना निरोप देत होत्या.